वीज आल्यावर संगणकाला कामाला कोण लावते?

बिद्री म्हटले की आठवतो तो दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. गळीत हंगामाच्या आरंभी कोणी थेट गव्हाणीत मोळी टाकून गाळप सुरू करीत नाही. आधी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. वाफेचा दाब चढतो, टर्बाइन फिरते, मग चरकांना गती येते आणि शेवटी गव्हाणीत उसाची मोळी पडते. बंद संगणक सुरू होतानाही असाच ठरावीक क्रम असतो. तो समजून घेतला तर एक उपयोगी काम साधते.

समजा, बिद्री परिसरातील एका शाळेने जुन्या संगणकावर लिनक्स बसवून त्याला तापमापक जोडला. दर १० मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला १४४ नोंदी होतात. शनिवारी रात्री २ वाजता वीज गेली आणि तासाभराने आली. पण संगणक बंदच राहिला. सोमवारी सकाळी १० वाजता शिक्षकांनी बटण दाबेपर्यंत ३२ तास, म्हणजे १९२ नोंदी गेल्या. दिवसाचे किमान तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास असते. दोन दिवसांचे तेच हातचे गेले. गेलेली पहाट पुन्हा मोजता येत नाही.

हे टाळायचे तर क्रमातील प्रत्येक पायरी माणसाविना पार पडली पाहिजे. पहिली पायरी लिनक्सच्याही आधीची आहे. संगणकाच्या मुख्य पट्टीवर 'बायॉस' नावाची मूळ आज्ञावली असते. वीज परत आल्यावर संगणकाने बंद राहावे की सुरू व्हावे, हे तिच्या सेटिंगमध्ये ठरते. तेथे 'सुरू व्हावे' हा पर्याय निवडावा. अनेक संगणकांत हे पान सुरुवातीलाच डिलीट किंवा एफ२ कळ दाबल्यावर उघडते.

बायॉस डिस्कवरील एका छोट्या आज्ञावलीला उठवते आणि ती लिनक्सचा गाभा, म्हणजे 'कर्नल', स्मृतीत आणते. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रथम जाहीर केला तो हाच गाभा. यंत्रसामग्री ओळखून झाल्यावर गाभा एक प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक १. बाकीचे प्रोग्रॅम सुरू करण्याची जबाबदारी याची. पूर्वी हे काम 'इनिट' करी. त्याच्या सूचनांच्या फायलींना अंक दिलेले असत आणि त्या अंकांच्या क्रमाने चालत. २०१० मध्ये 'सिस्टेमडी' आला आणि आज बहुतेक प्रचलित लिनक्समध्ये क्रमांक १ त्याचाच असतो.

सिस्टेमडीला आपले काम सांगायचे ते एका छोट्या मजकुराच्या फायलीतून. तिच्या नावाचा शेवट 'सर्व्हिस' असा असतो. तिचे तीन भाग पडतात. (संगणकावर हे शब्द अर्थात रोमन लिपीत टंकायचे.) 'युनिट' या भागात कामाची ओळख आणि क्रम असतो. 'सर्व्हिस' या भागात कोणता प्रोग्रॅम, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायचा आणि तो मध्येच बंद पडला तर पुन्हा सुरू करायचा का, हे लिहितात. सर्वाधिकार असलेल्या 'रूट'च्या नावाने तो चालवू नये. चूक झाल्यास नुकसान मोठे होते. 'इन्स्टॉल' या भागात हे काम कोणत्या टप्प्याशी जोडायचे, ते येते.

येथे दोन शब्दांत गल्लत होते. 'आफ्टर' म्हणजे 'त्याच्यानंतर'. 'रिक्वायर्स' म्हणजे 'त्याच्याशिवाय नाही'. चरक बॉयलरनंतर सुरू होतात हा क्रम झाला. वाफ नसेल तर ते फिरणारच नाहीत, ही गरज झाली. सिस्टेमडी या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. म्हणून दोन्ही हव्या असतील तर दोन्ही लिहाव्या लागतात.

दुसरी गल्लत 'स्टार्ट' आणि 'एनेबल' यांची. स्टार्ट म्हटले की काम आत्ता सुरू होते. पुढच्या वेळचे काही ठरत नाही. एनेबल म्हटले की ते दर वेळी संगणकाबरोबर सुरू होते. मात्र आत्ता होत नाही. आज सारे नीट चालले आणि वीज गेल्यावर थांबले, तर बहुधा एनेबल करायचे राहून गेलेले असते.

एक धोका मात्र शांतपणे येतो. वीज नसताना संगणकाचे घड्याळ मुख्य पट्टीवरील ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या सेलवर चालते. सेल संपला की वीज आल्यावर भलतीच जुनी तारीख दिसू शकते. नोंदी होत राहतात, पण चुकीच्या दिवसाखाली! न झालेली नोंद रिकामी तरी दिसते; चुकीची नोंद खरी वाटते. म्हणून प्रोग्रॅममध्येच एक अट घालावी: आताची वेळ शेवटच्या नोंदीपेक्षा मागची असेल, तर नोंद करू नये.

शेवटी परीक्षा घ्यावी. संगणक रीतसर बंद करा, भिंतीवरील बटण बंद करून मिनिटभराने पुन्हा लावा आणि कळफलकाला हात न लावता थांबा. पाव तासाने नवी नोंद दिसली तर काम फत्ते. नाही दिसली, तर साखळीतील कोणती कडी तुटली, हे विद्यार्थ्यांनाच पहिल्या पायरीपासून एकेक करून शोधू द्या.