तुंबाडची विहीर मला खरी का वाटते

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरला लागला, तेव्हा रूममेटला ओढत घेऊन गेलो. बाहेर आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न : "अरे, जमिनीखाली गर्भाशय? मांसाच्या लाल भिंती? लॉजिक काय यात?" दोघंही इंजिनिअर, त्यामुळे वाद रात्री दोनपर्यंत चालला. तोच आज तुमच्यापुढे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथंच पॉज करा, पुढं सगळं फुटणार आहे.

आधी मान्य करून टाकतो, भूगर्भशास्त्र म्हणून ते चूकच. आपल्या परभणीखाली काळा बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. पण हाच गडी ‘गॉडझिला वर्सेस काँग’मधली पोकळ पृथ्वी मिटक्या मारत बघतो! ती कल्पना एडमंड हॅलेनं (हो, धूमकेतूवालाच) १६९२ मध्ये चक्क विज्ञान म्हणून मांडली होती. होकायंत्राची सुई वर्षानुवर्षं का सरकते, हे त्याला समजावायचं होतं. तीही चुकीचीच निघाली.

माझं म्हणणं एवढंच की राक्षसाच्या सिनेमातलं पाताळ खडकाच्या नियमानं नाही चाललं तरी चालेल, स्वतःच्या नियमानं चाललं पाहिजे. आणि राही बर्वेंच्या या सिनेमात ते चालतं. हस्तरला सोनं मिळालं, धान्य नाही. म्हणून तो कायमचा भुकेला. म्हणून त्याला पिठाची बाहुली दाखवायची, तो खाण्यात गुंतला की मुद्रा ओढायच्या, आणि स्वतः पिठाच्या रिंगणात राहायचं. इनपुट ठरलेलं, आउटपुट ठरलेलं. शेवटी विनायक आणि पोरगा ढीगभर बाहुल्या नेतात, तर तेवढेच हस्तर उभे राहतात. हा ट्विस्ट आभाळातून पडलेला नाही, तोच कोड लूपमध्ये चालवलाय.

आता खरं कारण सांगतो. आमच्या शेतात तीन बोअर आहेत. पहिला दोनशे फुटांवर कोरडा. दुसरा साडेतीनशे, नुसती धूळ. तिसऱ्याला बाबांनी आईच्या पाटल्या मोडल्या. बेसॉल्टमध्ये पाणी असतं ते बहुतेक वरच्या झिजलेल्या खडकात आणि भेगांमध्ये. खाली घट्ट पाषाण लागला की खोल जाऊन पाणी मिळेलच असं नाही. कायद्यातही ६० मीटरच्या खालची विहीर ‘खोल विहीर’ धरून त्यावर बंधनं आहेत. हे सगळं बाबांना माहीत होतं. तरी गाडीवाला म्हणाला "अजून पन्नास फूट", आणि बाबांनी मान हलवली. मी शेजारीच उभा होतो, बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला. मी पण हलवली.

त्यामुळे विनायक दोरीला लोंबकळत खाली जातो तेव्हा मला भिंतीचा रंग दिसतच नाही. म्हातारा झालाय, धाप लागतीये, घरात सोनं आहे, तरी उतरतोय, आणि आता पोराला पण शिकवतोय. ते पाताळ अजून मोठं, अजून भव्य केलं असतं तर आपण बघत बसलो असतो, टाळ्या वाजवल्या असत्या. ते एका खोलीएवढं आहे म्हणून अंगावर येतं.

रूममेट म्हणाला, "मग शेवटी पोरगं नाही का म्हणतं?"

बाबांनी या उन्हाळ्यात चौथ्या बोअरचं विचारलं होतं. मी पैसे पाठवले नाहीत. ते अजून नीट बोलत नाहीत माझ्याशी.