व्याजाचा दर आणि गांवची वेस

पैसा स्वस्त झाला, असें वर्तमानपत्रांत वाचून आम्हां मध्यमस्थितीच्या गृहस्थांस समाधान वाटतें. परंतु तो स्वस्तपणा कोणाच्या दारापर्यंत पोंचतो, हा विचार आमच्या मनांत क्वचितच येतो. नगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्याचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे.

१८७५ सालीं श्रीगोंदें, पारनेर इत्यादि तालुक्यांतील गांजलेल्या कुणब्यांनीं सावकारांचीं खतपत्रें जाळलीं. १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांचा मार्ग खुला केला. लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांनीं १९२३ मध्यें अशी पेढी काढली. पुढें रिझर्व्ह बँकेचा दर १९३५ च्या अखेरीपासून १९५१ पर्यंत शेंकडा अवघा ३ होता. तरी १९५१-५२ च्या देशव्यापी ग्रामीण पतपाहणींत शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा सुमारें ३ च आढळला! भाव उतरला होता, पण माल वेशीच्या आंत आलाच नव्हता.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा खेड्यांत गेल्या. १९९१ मध्यें तोच दर १२ वर चढला. दर असा चढतो, उतरतो. आम्ही मात्र आधीं इतकेंच विचारावें, कीं गरजवंताच्या उंबरठ्यापर्यंत कर्ज जातें काय? जेथें जात नाहीं, तेथें सावकाराचा दर हाच खरा दर होय.