चिलखती मासे व आपला जबडा

मासा म्हटला म्हणजे बांगडा अथवा रोहू असा खवल्यांचा, चपळ व अंगानें लवचीक प्राणी आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु सुमारें ४२ कोटींपासून ३६ कोटी वर्षांपूर्वींपर्यंतच्या काळांत समुद्रांत व नद्यांत अशा माशांचें राज्य होतें कीं, ज्यांचें डोकें व छाती हाडांच्या जाड फलकांनीं मढविलेलीं असत. जणूं चिलखत चढवूनच ते पोहत! आज त्यांतील एकहि जिवंत नाहीं. दगडांत मात्र ते उरले आहेत. या माशांचा आपल्या स्वतःच्या चेहऱ्याशीं निकट संबंध आहे, असें सांगितल्यास आमच्या विद्यार्थ्यांस तें खरें वाटणार नाहीं. म्हणून तो कसा उमगला, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

उत्तर स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर क्रोमार्टी नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें १८०२ सालीं ह्यू मिलर याचा जन्म झाला. तो पांच वर्षांचा असतांना त्याचे वडील आपल्या गलबतासह समुद्रांत नाहींसे झाले, आणि सतराव्या वर्षीं मुलगा पाथरवटाच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागला. दगड फोडणें हाच त्याचा धंदा. पण फोडलेल्या दगडाच्या आंत पाहण्याची खोड त्याला जडली होती. किनाऱ्यावरील गोटे हातोड्यानें फोडतांना त्याला वीतभर लांबीचा एक चमत्कारिक प्राणी सांपडला. पुढील अर्धें अंग कासवासारखें कवचांत, मागें माशाची शेंपटी, आणि दोहों बाजूंस पंखांसारखे दोन हात! लुई अगासिझ या थोर मत्स्यशास्त्रज्ञानें तो मासाच असल्याचें ठरविलें व त्याला मिलरचेंच नांव दिलें. आज त्यास टेरिक्थिओडीस मिलरी असें म्हणतात. मिलरनें १८४१ मध्यें या खडकांवर लिहिलेला ग्रंथ इंग्रजी वाचकांत अतिशय लोकप्रिय झाला.

प्राणी क्रमाक्रमानें साध्यापासून विकसित होत गेले, असें प्रतिपादणारें एक निनांवी पुस्तक १८४४ मध्यें निघालें होतें. मिलरनें १८४९ मध्यें त्यास उत्तर दिलें. त्याचा प्रश्न सरळ होता. विकास खरा असेल, तर सर्वांत जुने मासे लहान व कच्च्या घडणीचे असावयास हवेत. पण या जुन्या खडकांतले मासे तर मोठे व उत्तम बांध्याचे! मग यांचे पूर्वज कोठें आहेत? हा आक्षेप पोकळ नव्हता. त्या वेळीं ठाऊक असलेल्या खडकांत पूर्वज खरोखरच दिसत नव्हते. आमच्या मतें या विषयांतील पुढील सर्व शोध म्हणजे या पाथरवटाच्या प्रश्नाचेंच उत्तर होय.

उत्तर हळूहळू मिळालें. स्वीडनच्या एरिक स्टेन्शिओ यानें स्पिट्सबर्गेन बेटांवरील सेफालास्पिस व त्याचे आप्त निवडले. हे ढालीसारख्या डोक्याचे मासे असून त्यांना जबडाच नव्हता. दगडांतील डोकें थोडेंसें घासावें, उघड्या पडलेल्या भागाचें चित्र घ्यावें, पुन्हां घासावें. शेवटीं चित्रांवरून मेणाचे थर कापून एकावर एक रचावे, अशी ही पद्धत. मासा भुकटी होऊन जाई, पण त्याचा मेणाचा नमुना हातीं येई. (आज क्षकिरणांच्या साह्यानें हेंच काम नमुन्याला धक्का न लावतां होतें.) १९२७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत त्या माशाचा मेंदू, मज्जातंतू व रक्तवाहिन्या यांचे मार्ग दाखविलेले आहेत. आपल्या अंतःकर्णांत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. या माशाला दोनच होत्या. आज जिवंत असलेल्या लॅम्प्रे या बिनजबड्याच्या माशालाहि दोनच आहेत.

याहूनहि जुना पुरावा १९९९ मध्यें चीनच्या युन्नान प्रांतांतून प्रसिद्ध झाला. सुमारें ५२ कोटी वर्षांपूर्वींचा हायकोइक्थिस हा इंचभर प्राणी माशासारखा असून त्याच्या अंगीं एकहि हाड नाहीं. मिलरनें मागितला होता तो लहान व साधा पूर्वज याच जातीचा.

आतां जबड्याकडे वळूं. बिनजबड्याचा मासा चिखल शोषील, बारीक कण गाळून घेईल. पण भक्ष्य पकडून तोडावयास जबडा हवा. चिलखती माशांच्या एका शाखेला तो लाभला. अमेरिकेंतील ओहायोच्या खडकांत सांपडणारा डंक्लिओस्टियस हा तिच्यांतील दांडगेश्वर. त्याला निराळे दांत नव्हते. जबड्यांच्या हाडांच्याच कडा एकमेकींवर घासून कात्रीसारख्या धारदार राहत. त्याची लांबी पूर्वीं तीस फुटांपर्यंत सांगत. २०२३ मध्यें केलेल्या नव्या हिशोबानें ती अकरा ते तेरा फूट भरते. तेरा फूटहि कांहीं थोडे नव्हेत!

परंतु या जबड्याची घडण आपल्या जबड्याशीं जुळत नसे. म्हणून ही शाखा आपल्या वंशापासून अलग असून आपला मूळ पुरुष शार्कसारखा, हाडाऐवजीं कूर्चेचा सांगाडा असलेला असावा, असें पुष्कळ विद्वान मानीत. २०१३ मध्यें हें मत डळमळलें. युन्नानमधील चूचिंगजवळ एन्टेलोग्नाथस नांवाचा वीतभर मासा मिळाला. वय ४१ कोटी ९० लाख वर्षें. अंगावर चिलखत पूर्ण. पण वरच्या व खालच्या जबड्याच्या कडेचीं हाडें मात्र आपल्या जबड्यांत आहेत तींच! झू मिन व त्यांचे सहकारी यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. चेहऱ्याचीं हाडें चिलखती माशांतच तयार झालीं होतीं, आणि शार्कच्या पूर्वजांनीं तीं पुढें टाकून दिलीं, असें आतां बहुतेक शास्त्रज्ञ समजतात. शार्क हा जुन्या नमुन्याचा मासा असें आपण शिकत आलों. या बाबतींत तरी तोच नवा ठरला.

सुमारें ३६ कोटी वर्षांपूर्वीं या जबड्यांच्या चिलखती माशांचा नायनाट झाला. त्यांच्या पोशाखाचे तुकडे मात्र आपल्या अंगावर आहेत. मांडीचें हाड आधीं कूर्चेचें बनतें व मग त्याचें हाड होतें. कवटीच्या घुमटाचीं हाडें तशीं बनत नाहींत. तीं त्वचेखालच्या पडद्यांत थेट तयार होतात. गळ्याखालीं हातास लागणारें आडवें हाडहि बहुतांशीं असेंच बनतें. ही चिलखताच्या फलकांचीच रीत. तान्ह्या मुलाची टाळू मऊ लागते व तेथें नाडी उडतांना दिसते, हें प्रत्येक मातेस ठाऊक आहे. त्या जागीं हे फलक अद्याप एकमेकांस भिडलेले नसतात.