माकडांना ओळखणारं बाळ

घरात नवं बाळ आलं की मावशी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्याजणी वाकून विचारतात, "काय रे लबाडा, ओळखलंस का मला?" बाळ आपलं जांभई देतं. देणारच! त्याला वीत-दीड वीत अंतरावरचं तेवढं बरं दिसतं. त्यापलीकडे सगळं धूसर.

आईला मात्र ते ओळखतं, आणि तेही आधी कानांनी! पोटात असताना शेवटचे काही आठवडे त्यानं तिचंच बोलणं ऐकलेलं असतं. 1980 साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या शास्त्रज्ञांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना हेडफोन लावले आणि तोंडात चोखणी दिली. चोखता चोखता बाळ मध्येच थांबतं ना? ते किती वेळ थांबलं, यावर हेडफोनमध्ये आई गोष्ट वाचणार की दुसरीच बाई, हे ठरायचं. बहुतेक बाळांना ही युक्ती कळली. आईचा आवाज येईल अशा बेतानंच ती चोखू लागली!

वासाचंही तसंच. आठवडाभराचंही नसलेलं बाळ आईच्या दुधाचा वास असलेल्या कापडाकडे मान वळवतं.

आणि चेहरा? चार दिवसांची बाळं अनोळखी बाईपेक्षा आईकडे जास्त वेळ बघतात. पण दोघींच्याही डोक्याला रुमाल बांधला की संपलं. मग बाळाला दोघी सारख्याच! म्हणजे एवढुशा वयात ते नाक-डोळे फारसे बघतच नाही. केस कुठे सुरू होतात, चेहऱ्याची कड कशी आहे, यावर त्याची सगळी भिस्त.

हे शोधणाऱ्यांपैकी एक ऑलिव्हिए पास्कालिस. त्यांनी पुढे आणखी भारी प्रयोग केला. बाळाला एका माकडाचा फोटो दाखवायचा. मग तोच फोटो आणि दुसऱ्या माकडाचा फोटो शेजारी शेजारी ठेवायचे. बाळांना नव्या गोष्टीचं भारी आकर्षण. तेव्हा बाळ नव्या फोटोकडे जास्त वेळ बघत राहिलं, तर समजायचं की पहिलं माकड त्याच्या लक्षात आहे. सहा महिन्यांची बाळं यात पास झाली. नऊ महिन्यांची नापास. आणि मोठी माणसंही नापास!

असं का? बाळाला रोज दिसतात ती माणसं. मेंदू हळूहळू त्यांच्याच चेहऱ्यांतले बारकावे टिपण्यात तरबेज होतो आणि माकडांचा नाद सोडून देतो. साधारण याच सुमारास बाळ अनोळखी माणूस दिसला की भोकाड पसरू लागतं. चार महिन्यांनी भेटायला आलेल्या मामाची मग काही धडगत नसते.

पण काही आईबाबांनी सहाव्या महिन्यापासून बाळाला माकडांच्या फोटोंचं पुस्तक दाखवलं आणि प्रत्येक माकडाला वेगळं नाव दिलं. ती बाळं नवव्या महिन्यातही माकडं ओळखत होती! नुसतं "हे माकड, हेही माकड" असं म्हणत दाखवलं, तर मात्र ही जादू टिकली नाही. मला तर सगळ्यात नवल याचंच वाटतं.

माथेरानला गेलात तर दोन माकडांचे जवळून फोटो घ्या. जवळून म्हणजे झूम करून हं, हातातला खाऊ आधी लपवा! एक फोटो ताईला नीट बघू द्या. थोड्या वेळानं दोन्ही समोर ठेवून विचारा, मघाचं कुठलं? घरात सहा महिन्यांचं बाळ असेल, तर त्याला विचारायचंच नाही. ते कुठल्या फोटोकडे जास्त वेळ टक लावतं, तेवढं बघायचं.