वजन पुन्हा चढू लागतं तेव्हा

लेखमाला : स्थूलता समजून घेताना – लेखांक ८

गेल्या आठवड्यात आपण वजन कमी करण्यासाठीच्या (बॅरिॲट्रिक) शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं वर्ष पाहिलं. दर महिन्याला काटा खाली येतो, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना दम लागत नाही. साधारण दीड-दोन वर्षांनी वजन एका जागी थांबतं आणि मग अनेकांचं हळूहळू वाढू लागतं. नेमकं याच वेळी तपासणीला जाणं बंद होतं. डॉक्टर रागावतील ही भीती, एवढा खर्च वाया गेला ही खंत आणि ‘जिभेवर ताबाच नाही’ हे घरच्यांचं बोलणं या सगळ्याचं ओझं किलोंपेक्षा जड असतं.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. स्थूलता हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे आणि शस्त्रक्रिया हा त्यावरचा प्रभावी उपचार आहे, पण आजार त्याने मुळासकट जात नाही. वजन परत वाढलं म्हणजे आजाराने डोकं वर काढलं. साखर वाढल्यावर मधुमेही माणूस डॉक्टरांकडे जातो, तसंच इथेही जायचं.

किती वाढ अपेक्षित धरायची? स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. त्यांतल्या गॅस्ट्रिक बायपास या प्रकारची शस्त्रक्रिया केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. म्हणजे १२० किलोची व्यक्ती ८२ किलोंपर्यंत उतरली आणि दहा वर्षांनी ९० वर आली, असा ढोबळ हिशोब. हे आठ किलो मनाला लागतात, पण तीस किलो अजूनही गेलेलेच आहेत. याच अभ्यासात, वय आणि इतर जोखमी लक्षात घेतल्यावर, शस्त्रक्रिया झालेल्या सर्वांच्या गटात मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी आढळला. थोडी वाढ झाली म्हणून शस्त्रक्रिया फसली, असं मानू नये.

वाढ का होते, याचं पहिलं उत्तर शरीरातच आहे. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. भूक वाढते, शरीर ऊर्जा जपून वापरू लागतं. शिवाय ८२ किलोंच्या शरीराला १२० किलोंच्या शरीराएवढं अन्न लागतच नाही. चरबीबरोबर स्नायूही झिजले असतील, तर गरज आणखी घटते.

दुसरं उत्तर ताटात आहे. लहान झालेल्या जठरात भाकरी-उसळ, चिकन किंवा पनीर थोडंसं खाल्लं तरी पोट भरतं. चहात बुडवलेलं बिस्कीट, फरसाण, शिरा, आइस्क्रीम, मिल्कशेक मात्र सहज खाली उतरतात आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. एका वेळी जास्त खाता येत नाही म्हणून दिवसभर थोडं-थोडं तोंडात टाकलं जातं. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेला उपवासही असाच, पिष्ट भरपूर आणि प्रथिनं फार कमी. दारूच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. बायपासनंतर ती रक्तात वेगाने चढते आणि व्यसनाचा धोकाही वाढतो.

तिसरी कारणं सहज नजरेतून सुटतात : थायरॉइड, रजोनिवृत्ती, नैराश्य, अपुरी झोप, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मानसिक आजारांवरची काही औषधं. ही औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत. पर्याय आहे का, ते डॉक्टरांना विचारायचं. कधी जठराची पिशवी किंवा तिचं तोंड सैल झालेलं असतं. ते दुर्बिणीच्या किंवा बेरियमच्या तपासणीत दिसतं.

मग करायचं काय? वजन सर्वांत कमी होतं तो आकडा लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदाच वजन करा. काटा सलग चढता दिसला, तर पाच किलो वाढेपर्यंत थांबू नका. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडे जा. आठवडाभर जे खाल्लं-प्यायलं ते सगळं, चहातल्या साखरेसकट, लिहून न्या. जेवणात आधी प्रथिनं घ्या. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात, नेमकं प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतील. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासाच्या अंतराने प्या. चालण्याबरोबर स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवाच. वजन वाढलं म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या थांबवू नका, आणि घाबरून कडक उपासही करू नका.

एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं २०२५ पासून भारतात वजनासाठी मिळू लागली आहेत. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. त्यामुळे किती काळ घ्यायचं आणि खर्च झेपेल का, हे सुरू करण्याआधीच बोलून घ्या. रचनेतच दोष असेल, तर दुर्बिणीतून टाके घालणं किंवा स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करण्याची शस्त्रक्रिया) झाली असेल तर तिचं बायपासमध्ये रूपांतर करणं शक्य असतं. दुसऱ्या शस्त्रक्रियेत धोका पहिलीपेक्षा जास्त असतो. म्हणून आधी कारण शोधायचं, मगच तो निर्णय.

घरच्यांसाठी एक विनंती. पानावर बसलेल्या माणसाचे घास मोजू नका. बोलणी खाल्लेला माणूस लपून खातो आणि तपासणी टाळतो. त्यापेक्षा ‘डॉक्टरांकडे मी येतो सोबत’ असं म्हणा. वाढ पाच किलोंवर असताना केलेला उपाय, ती वीसवर गेल्यावर करायच्या उपायापेक्षा कितीतरी सोपा असतो.

(पुढील आठवड्यात : शस्त्रक्रियेनंतरचं गरोदरपण)