अडलेला पेच

मुलांनो, 'पेच' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत पेच म्हणजे पीळ किंवा स्क्रू. मराठीत अवघड प्रसंगालाही पेच म्हणतात. घरी मोटारीचे ब्रेक दुरुस्त करताना एखादा बोल्ट अडून बसला, की हे दोन्ही अर्थ एकदमच समजतात!

एका ईदच्या आदल्या दिवशी मी आमच्या जुन्या मोटारीचे ब्रेक उघडायला बसलो. दुसऱ्या दिवशी नागपूरहून कामठीला जायचे होते. काम अर्ध्या तासाचे. पण एक बोल्ट काही हलेना. घाईत मी पान्याच्या दांड्याला लांब नळी जोडली आणि सारा जोर लावला. कट्कन आवाज झाला. बोल्टचे डोके तुटले आणि उरलेला भाग आतच राहिला. तो काढण्यात दोन दिवस गेले. ईदला आम्ही बसने गेलो.

बोल्ट का अडतो? लोखंडाला पाणी आणि हवेतील ऑक्सिजन मिळाला, की गंज चढतो. यालाच तुम्ही उर्दूत 'ज़ंग' म्हणता. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे नट व बोल्ट यांच्या आट्यांमधील बारीक फट भरून जाते आणि दोघे घट्ट चिकटतात. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. नागपूर समुद्रापासून दूर आहे. तरी जून ते सप्टेंबरच्या पावसात रस्त्यावरचे पाणी आणि चिखल चाकांवर उडतच असतो.

मग काय करावे? हे काम जाणत्या माणसाबरोबरच करावे. मोटार सपाट, कठीण जमिनीवर उभी करून चाकांना अडण लावावी. चाकाचे नट मोटार जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. नंतर ती जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कधीही जाऊ नये.

अडलेल्या बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. त्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे थोडे थेंब टाकून थांबावे. तेलाला आत झिरपायला वेळ लागतो. हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके दिले, तर गंजाची पकड सुटू लागते. मग सहा बाजूंनी नीट बसणारा पाना लावावा. सैल पान्याने डोक्याचे कोपरे झिजतात. बोल्ट किंचित आवळावा, मग सोडवावा. पुन्हा आवळावा, पुन्हा सोडवावा. असे केल्याने गंजाचा चुरा होतो.

२० सेंटिमीटरऐवजी ४० सेंटिमीटर लांब दांडा घेतला, तर निम्म्या बळात तेवढेच काम होते. पण बोल्टवर किती ताण पडतो आहे, हे हाताला कळत नाही. माझी चूक इथेच झाली.

काही मेकॅनिक बोल्ट ज्योतीने तापवतात. घरी हे करू नये. ब्रेकचे तेल पेट घेऊ शकते आणि रबरी नळ्या खराब होतात. ब्रेकमधील धूळही फुंकून उडवू नये. जुन्या ब्रेक-शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक असते. गंज सोडवणारे तेल ब्रेक-शूवर किंवा डिस्कवर सांडले, तर ब्रेक नीट लागत नाहीत.

एवढे करूनही बोल्ट हलला नाही, तर हात थांबवून अनुभवी मेकॅनिकला बोलवावे. त्यात कमीपणा नाही. जोडणी झाल्यावरही तपासणी त्याच्याकडूनच करून घ्यावी. कारण ब्रेकवर मोटारीतल्यांचे आणि रस्त्यावरच्यांचेही प्राण अवलंबून असतात.

उर्दूतील 'सब्र' मराठीत 'सबुरी' झाला आहे. अडलेला पेच जोराने तुटतो, सबुरीने सुटतो.