बुलढाण्याच्या एका वाचक बाईचा राग

बायको मेली की नवऱ्यानं मिशा का उतरवू नयेत? दाढीमिशा काढून, उरलेला जन्म त्यानंही रानात का काढू नये? नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं आणि बायको गेली की बुवांनी तेराव्याच्या आत नवी मुलगी बघायला लागायचं, हा कुठला न्याय? हा प्रश्न मराठीत १८८२ साली छापून आला. विचारणाऱ्या होत्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि पुस्तकाचं नाव 'स्त्रीपुरुषतुलना'. पुण्यातल्या शिवाजी छापखान्यात ५०० प्रती निघाल्या, किंमत ९ आणे. हे पुस्तक मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून घरी येणाऱ्याजाणाऱ्याला मिशांचा उतारा ऐकवत आले आहे. आमच्या घरातल्या मिशीवाल्यांनी आता तो विषय निघाला की उठून जायची सवय लावून घेतली आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकते, कारण मला पोचायचंय दुसरीकडेच. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. त्यात 'पुणेवैभव' होतं. ताराबाईंचं पुस्तक हे त्याला दिलेलं उत्तर. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजातले होते, आणि त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. पुस्तक निघालं, काहींनी टर उडवली, जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, आणि मग सगळं विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांनी इंग्रजीत नेलं. झाली पार्श्वभूमी.

आता माझा लाडका कोपरा. ताराबाईंना आपण समाजसुधारणेच्या रकान्यात टाकलं आहे. विधवा, केशवपन, पुनर्विवाह असे शब्द दिसले की परीक्षेत त्यांचं नाव लिहायचं. पण ते पुस्तक नीट वाचलं तर लक्षात येतं की ही बाई चिडली आहे ती एक वाचक म्हणूनही. तिनं गोष्टी वाचल्या आहेत, नाटकं वाचली आहेत, पोथ्या ऐकल्या आहेत, आणि त्यांतल्या बायका तिला पटलेल्या नाहीत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८), महादेव बाळकृष्ण चितळे यांचं 'मनोरमा' नाटक (१८७१), शिवाय बायकांच्या कपटाच्या कहाण्या सांगणारं 'स्त्रीचरित्र' अशी तिची यादी आहे. त्या काळात मराठी वाचणाऱ्या माणसाच्या हाती जे पडत होतं, ते सगळं हिच्या हाती पडलेलं होतं.

ही पुस्तकं बुलढाण्याला पोचत कशी असतील, याचं मला फार कुतूहल. म्हणून एकदा मुद्दाम गेले, मलकापूरहून एसटीनं राजूर घाट चढून. भुसावळ-नागपूर रेल्वे १८६७ साली सुरू झाली, मलकापूर तिच्यावरच. तेव्हा पुण्यामुंबईचं पुस्तक तिथवर गाडीनं आणि पुढं बैलगाडीनं हा घाट चढून वर येत असणार, असा माझा हिशेब. गाव उंचावर, अजिंठ्याच्या डोंगरांत, उन्हाळ्यातही हवा बरी. स्टँडसमोरच्या चहावाल्याला ताराबाई शिंद्यांबद्दल विचारलं, तर त्यानं सिंदखेडराजाची गाडी कुठं लागते ते सांगितलं. बाई, इतिहास आणि बुलढाणा जिल्हा एवढं ऐकल्यावर त्याला जिजाऊच आठवणार. मी चहा घेतला आणि गावातून नुसतीच हिंडले. कचेरीकडच्या जुन्या झाडांखाली उभं राहून वाटलं, हेडक्लार्काच्या घरात वर्तमानपत्र येत असेल, बाप वाचून झाल्यावर ते माजघरात जात असेल, आणि तिथं कुणीतरी ते अक्षर न् अक्षर वाचून संतापत असेल.

कादंबऱ्यांवर टीका करणारी ती पहिली नव्हे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ सालीच 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून अद्भुताच्या नादी लागलेल्या लेखकांचे कान उपटले होते. त्यांचा आक्षेप असा की हे सगळं असंभाव्य आहे, असं कुठं घडत नाही. ताराबाई त्याच्या पुढं जातात. असं घडत नाही हे त्यांनाही दिसतं, पण त्यांचा रोख निराळा: न घडणाऱ्या गोष्टी रचल्या कुणी, आणि त्यांतून बदनाम कोण झालं? लेखक पुरुष, कारस्थान त्याच्या डोक्यातलं, आणि ते चिकटवायचं मात्र बाईच्या स्वभावाला. तरुण पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारे तुम्हीच, आणि तिचं पाऊल घसरलं की त्यावर ग्रंथ रचणारेही तुम्हीच, असा एकूण सूर. माझ्या मते मराठीत साहित्याला विचारलेला हा फार मोठा प्रश्न आहे. कादंबरीच्या समीक्षेचा इतिहास सांगताना आपण मराठ्यांच्या निबंधावरून उडी मारतो ती थेट वि. का. राजवाड्यांच्या १९०२ सालच्या 'कादंबरी' लेखावर. मधल्या या बाईला त्या रांगेत कुणी उभं करत नाही, कारण तिची भाषा समीक्षकाची नाही. ती पाट्यावर मिरची वाटावी तशी एकेक वाक्य रगडते. म्हणी आहेत, शिव्या आहेत, मध्येच देवालाच उभा करून विचारलेले जाब आहेत, आणि पूर्णविराम सापडेपर्यंत वाचणाऱ्याचा दम निघतो.

जुन्या ग्रंथांनाही सुट्टी नाही. भर्तृहरीच्या शृंगारशतकात स्त्रीला दोषांची खाण ठरवणारा एक श्लोक आहे. ताराबाई त्यातला एकेक दोष उचलतात, तपासतात, आणि पुरुषाच्या पदरात टाकतात. पुस्तकाचा बराचसा सांगाडा या झडतीचाच आहे. सावित्रीची कथाही त्या उलटी धरतात. नवऱ्यासाठी यमाच्या मागं जाणारी बाई सगळ्यांना तोंडपाठ. बायकोचे प्राण परत आणायला यमाच्या दारात गेलेला एखादा नवरा दाखवा की! मी हा उतारा एकदा महिला मंडळात वाचून दाखवला, तर वटपौर्णिमेचा दोरा हातात असलेल्या बायका आधी हसल्या. मग एक आजी म्हणाल्या, "अगं, आमचे हे तर सर्दी झाली तरी काढा करून देत नाहीत."

त्याच १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात येतात, आर्य महिला समाज निघतो, 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध होतं. पुढं १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' 'करमणूक'मधून येऊ लागते, आणि मुक्तामालेच्या जागी यमू येते, माजघरात वावरणारी, स्वतःची हकिकत स्वतः सांगणारी. १९३३ साली विभावरी शिरूरकर 'कळ्यांचे निःश्वास' घेऊन येतात आणि टोपणनावामागं बाई आहे की बुवा यावरच वाद पेटतो. या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, मी त्यात भर घालत नाही.

त्यापेक्षा ताराबाईंशी माझं एक भांडण आहे ते सांगते. त्यांना हल्ली पहिली स्त्रीवादी म्हणून मखरात बसवतात. त्या पतिव्रताधर्म मोडा असं म्हणत नाहीत. तो दोघांना सारखा लावा, विधवेला पुन्हा लग्न करू द्या, असं म्हणतात. ते मला चालतं. खटकतं ते पुढचं. कलावंतिणी, बाजारात बसणाऱ्या बायका यांचा विषय निघाला की त्यांची लेखणी निर्दय होते. घर फोडणाऱ्या, पैसा ओरबाडणाऱ्या म्हणून त्यांची संभावना होते. त्या तिथं कशा आल्या, हा प्रश्न विचारायला ताराबाई थांबत नाहीत. विधवेची बाजू घेताना ज्या नाटककारांना त्यांनी फैलावर घेतलं, त्यांच्याच शेजारी या पानांपुरत्या त्या जाऊन बसतात. घरंदाज मराठा कुटुंबातली बाई १८८२ साली याहून वेगळं लिहू शकली असती का, असं कुणी म्हणेल. कदाचित नसतीच. पण जिनं दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या बायकांची इतकी बारीक झडती घेतली, तिच्या पुस्तकातल्या बायकांची झडती आपणही घ्यायला हवी. तिला ते आवडलंच असतं.

घराच्या उंबऱ्याबाहेरच्या बायकांची बाजू त्यांच्यात जाऊन लिहायला मराठीत पुष्कळ वेळ लागला. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत मालतीबाई बेडेकर, म्हणजे त्याच विभावरी, नोकरीला होत्या, आणि त्यातून १९५० साली 'बळी' आली. तिच्याविषयी मला ताराबाईंइतकंच बोलायचं आहे. पण संपादकांनी दिलेली पानं बुलढाण्याच्या बाईंनीच खाल्ली.